जुनी की नवी?

वापरलेली जीप घेणे म्हणजे बिजवराला मुलगी देणे. आधीचा संसार का मोडला, हे खरे कोणी सांगत नाही. पण पुसेगावची काळी माती पावसाळ्यात बैलगाडीचेही चाक सोडत नाही, आणि आई राहते मळ्यावर. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा, तर चारही चाके ओढणारी गाडी हवी.

स्थळे दोन. १९९८ची जीप हळदीच्या पैशांत बसणारी, २०१२ची थार कर्ज काढायला लावणारी. थारचे दुखणे संगणकाला कळते, आणि तो हिंगोलीला. जिपेचे गावच्या मिस्त्रीला कानानेच कळते. औषध तार, पाना आणि एक शिवी.

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, २०२७ला थारलाही पंधरा भरतात. मग दर पाच वर्षांनी फेरनोंदणी दोघींनाही आहेच. कर्ज कशाला?"

जीप आली. आई म्हणाली, "नीट वागवा रे हिला, माझ्या बाजूची आहे."