नुसतं पाणी

धाराशिवात पाण्याबद्दलचा पहिला प्रश्न असतो, "किती आलं?" नळ किती वेळ होता, हौद भरला का, बोअर अजून किती दिवस साथ देईल. पाण्यात काय आहे हे विचारायची उसंत या मुलखानं माणसाला फारशी दिली नाही. त्यामुळे बालाघाटाच्या पठारावरच्या या घरात मी खाऱ्या पाण्याची १०० लिटरची काचटाकी मांडली, तेव्हा आईचा जीव पाण्यासाठीच तुटला. आरओचं वाया जाणारं पाणी भांड्यांना आणि फरशीला वापरायचं, या बोलीवर ती राजी झाली.

लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ, म्हणजे सगळं मिळून साडेतीन किलो. घनता १.०२५ वर आली की पाणी खारेपणानं समुद्राचं झालं. पण त्यात अजून कुणी राहत नाही. समुद्रातला जिवंत दगड, म्हणजे जिवाणू वसलेला प्रवाळाचा दगड, आणून ही उणीव भरता आली असती. मात्र प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. म्हणून कोरडा, सच्छिद्र दगड रचला आणि माशांच्या उत्सर्गातलं विष पचवणाऱ्या जिवाणूंची वाट पाहिली.

त्यांना बोलवायचं तर आधी पाण्यात तेच विष घालावं लागतं. कल्हईवाल्याच्या नवसागराचाच शुद्ध प्रकार, ग्रॅमभरसुद्धा नाही. त्यातून अमोनिया मिळतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. हे काम दोन वेगळ्या जिवांचं आहे, हे विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. आमच्या काळ्या रानात युरिया टाकला की मातीतही हेच घडतं; पिकाच्या मुळांशी पोचतं ते बहुतेक नायट्रेटच.

संध्याकाळी नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या कागदासमोर नळी धरायची. अमोनियाची नळी सुरुवातीला गर्द हिरवी व्हायची. आठवडे गेले तशी ती पोपटी झाली, मग निव्वळ पिवळी. तोवर नायट्राइटची निळी नळी जांभळी झालेली; तो जांभळा रंग हटता हटेना. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरानं हलवावी लागते, नाहीतर तळाची भुकटी मिसळत नाही आणि रंग खोटा येतो. "नुसत्या पाण्याला काय बघत बसलास रे?" आई विचारायची. ते नुसतं नाही, हे मला त्या रंगांतूनच दिसत होतं.

एकदा शेताशेजारच्या बोअरचं पाणी त्याच संचात तपासलं. नायट्रेटची नळी लालभडक. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. माझा संच काही प्रयोगशाळा नव्हे. म्हणून शेतमालकाला मी नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे द्यायला लावला. पाणी भरपूर आहे म्हणून त्या बोअरचं सगळ्यांना कौतुक होतं.

समुद्र इथं अगदीच परका आहे, असं मला वाटत नाही. तुळजापूरला आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. कवडीतला जीव आपलं मऊ अंग शिंपल्यावरून पांघरून घेतो, म्हणून ती इतकी तकतकीत राहते. आणि आमच्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर! 'पेरिप्लस' हा समुद्री व्यापाराचा ग्रंथ लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकात या तगर नगरीची नोंद केली. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जायचं, किनाऱ्याकडचा मालही इथं येऊन पुढं रवाना व्हायचा.

आता अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट चढलेलं. टाकी तयार आहे. क्लाउनफिशची जोडी आणायची ती पैदास केंद्रातली, समुद्रातून धरलेली नव्हे. त्याआधी निम्मं पाणी बदललं पाहिजे. ५० लिटर पाणी, आणि तुळशीलाही घालता येत नाही. क्षारानं माती मरते. आईला हेच सगळ्यात जास्त लागलं. शेवटी तिनंच गच्चीवर उथळ घमेली मांडली आणि सांगितलं, ऊन काय आपल्याकडं कमी आहे का, वाळू दे इथंच.