तापीकाठची कानबाई

मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळास दुभंगतो. एक फाटा अकोल्यावरून नागपुराकडे जातो, दुसरा बऱ्हाणपूर, खांडव्यावरून इटारसीकडे. या सांध्यापायी दीडशेहून अधिक वर्षे या गावी चारी दिशांची माणसे येऊन राहिली आणि येताना आपापले देव घेऊन आली. त्यामुळे जे पाहावयास इतरत्र शेकडो कोस हिंडावे लागेल, ते येथे एका आळीत पाहावयास मिळते.

गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी आमच्या उत्तरेकडील शेजाऱ्यांचा श्रावण लागतो. आमच्या पंचांगात त्या दिवशी आषाढ वद्य प्रतिपदा असते. गोकुळाष्टमी आम्ही श्रावणात करतो, ते भाद्रपदात. दिवस मात्र एकच. आमच्या बायका कार्तिकस्वामीचे दर्शन वर्षातून एकदा, कार्तिकी पौर्णिमेस काय ते घेणार, कारण तो ब्रह्मचारी. पलीकडच्या तमिळ घरात त्याच्या दोन्ही अंगांस वल्ली आणि देवसेना उभ्या! उलट ज्या गणपतीस आपण ऋद्धिसिद्धींसह बसवितो, तो त्यांच्याकडे अविवाहित. दोन्हीकडे एकेक भाऊ बिनलग्नाचा राहतो, इतकाच काय तो मेळ.

या गोष्टींकडे मी नेहमी कौतुकाने पाहत असे. त्या दूरदेशीच्या होत्या, म्हणून ते सोपे होते. ज्या मातीत मी पगार खाल्ला, तेथील देवीविषयी मात्र मला ती बुद्धी झाली नाही.

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. कानबाई म्हणजे मूर्ती नव्हे, नारळ. पुष्कळ घरांत तो वडिलार्जित असतो. त्यास डोळे, नथ, वस्त्र, दागिने लेववून चौरंगावर बसवितात, बाजूस केळीचे खांब उभारतात. काही घरी तिच्याजोडीने रानबाई, म्हणजेच रानूबाई, असते. परगावी विखुरलेले भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी जमतात. कुळातील पुरुष मोजून प्रत्येकाच्या नावे सव्वा सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याच्या पिठाचे रोट करतात. हे रोट भाऊबंदांनीच खावयाचे, बाहेरच्यास द्यावयाचे नाहीत. घरात कोण जन्मले, कोण गेले, याची दरसाल अशी गव्हाच्या मुठींनी खानेसुमारी होते, असे म्हटले तरी चालेल. रात्र गाण्यांत जाते. सोमवारी सकाळी बायका देवीस डोक्यावर घेऊन, फुगड्या घालीत, वाजतगाजत नदीवर नेतात.

मी शिक्षक असताना अशाच एका सोमवारी वर्ग अर्धा रिकामा होता. मंगळवारी एका हुशार मुलास उभे करून मी विचारले, "ही तुमची कानबाई कोणत्या पुराणात आहे?" तो म्हणाला, "आजी सांगते ती आईच आहे." वर्ग हसला, मीही हसलो, हे अधिक वाईट. पुढील वर्षी त्या सोमवारी तो मुलगा शाळेत हजर होता. माझ्या शिकवणुकीचे ते फळ, असे मानून मी समाधान पावलो.

सेवानिवृत्तीनंतर संध्याकाळी तापीवर जाऊन बसण्याची सवय लागली. ही नदी मध्य प्रदेशात मुलताईस उगम पावते, चांगदेवाजवळ पूर्णेस पोटात घेते आणि पश्चिमेकडे वाहत सुरतेपुढे समुद्रास मिळते. आषाढ शुद्ध सप्तमीस तिचा जन्मदिवस मानतात, आणि ती सूर्याची कन्या. महाभारताच्या आदिपर्वात गंधर्व अर्जुनास 'तापत्य' अशी हाक मारतो. अर्जुन बुचकळ्यात पडतो. तो तर कौंतेय! तेव्हा गंधर्व त्यास सूर्यकन्या तपतीची कथा सांगतो. संवरण राजाची ती राणी, आणि तिचा पुत्र कुरु. ज्याच्या नावाने सारा वंश ओळखला जातो त्याची आई कोण, हे अर्जुनालाही परक्याने सांगावे लागले. तेथे ती नदी नाही, राजकन्या आहे. पण तापीकाठच्या माणसास हा भेद फारसा बाधत नाही.

असाच श्रावणातला एक रविवार होता. पाण्याकडे पाहत असता मनात आले की सूर्याची लेक आपल्यासमोर वाहते आहे, वार सूर्याचा आहे आणि गावात घरोघर रानूबाई बसली आहे. आणि एकाएकी माझ्या आईचा आवाज कानी आला. श्रावणी रविवारी ती आम्हा भावंडांस पुढ्यात बसवून आदित्यराणूबाईची कहाणी वाची. आदित्य म्हणजे सूर्य, राणूबाई त्याची बायको! निमाडात, बऱ्हाणपुरापलीकडे, चैत्रात गणगौर होते, तिच्या गाण्यांत धणियर राजा आणि रनुबाई हे जोडपे येते. तेही सूर्य व त्याची पत्नीच मानले जाते. गुजरातेत सूर्यपत्नीस रांदल म्हणून पुजतात. भविष्यपुराणात सूर्याच्या दोन भार्या सांगितल्या आहेत, राज्ञी आणि निक्षुभा. राज्ञीची राणी होते, हे व्याकरण मी मुलांस वर्षानुवर्षे शिकविले होते. जिचा पत्ता मी त्या मुलास पुराणात विचारला, तिची सखी पुराणात होती, माझ्या आईच्या तोंडी होती, आणि मलाच ओळखू आली नव्हती. त्या कहाणीतील एक लेक घाईपायी कहाणी ऐकावयास थांबत नाही, आणि तिचे घर दारिद्र्यात जाते. ती लेक मीच की काय, असे क्षणभर वाटून गेले.

मोठ्या उत्साहाने घरी येऊन हा शोध सौभाग्यवतीस सांगितला. ती भाजी निवडीत होती. सर्व ऐकून घेऊन म्हणाली, "आणि अहो, पुराणात नसतीच सापडली, तर? मग त्या पोराला हसलात ते बरोबर होते का?" मी गप्प. "आपण गौरी म्हणून पाच खडे पुजतो. तुमच्या आजोबांनी ते कोकणातून आणले नाहीत. ते या तापीतले आहेत. त्यांना कुठल्या पुराणाचा आधार आहे?" आमच्या घरी खड्यांच्या गौरी, थोरली सून अकोल्याची, तिच्या माहेरी मुखवट्यांच्या महालक्ष्म्या उभ्या राहतात. त्यावरून पहिल्या वर्षी घरात जे झाले ते येथे सांगत नाही. हल्ली चौरंगावर दोन्ही असतात.

कानबाईचे दैवत नेमके कोण, याविषयी मते अनेक आहेत. कोणी तिला कान्ह्याची पत्नी म्हणतात, कोणी आदिमाया. मला वाटते, माहात्म्ये अशीच झाली असावीत. स्कंदपुराणाच्या नावावर तापीमाहात्म्य आहे, रेवाखंड आहे, काशीखंड आहे. प्रत्येक स्थळास आपलेच क्षेत्र श्रेष्ठ. गावोगावच्या भक्तांनी सांगितले ते कोणी श्लोकबद्ध केले. कानबाईचे अद्याप बायकांच्या गळ्यात आहे, एवढाच फरक. संस्कृत शिकलेल्यास हे कळावयास साठी उलटावी लागली.

तो विद्यार्थी आता पुण्यास नोकरीस असतो. दोन वर्षांपूर्वी भेटावयास आला, तेव्हा मी प्रथम कानबाईचे विचारले. म्हणाला, "गुरुजी, आजी गेल्यावर नारळ चुलत्यांकडे गेला. त्यांनी एक साल विसर्जन केले ते कायमचेच. कोणालाच सवड नव्हती." मग थोडे थांबून, "पुन्हा बसवता येते का? शास्त्रात काही आहे का?"

त्या प्रश्नाने मला जे वाटले ते त्यास कळले नसावे. वर्गातली गोष्ट मी त्यास आठवून दिली व माझे चुकले, असे म्हणालो. त्यास ती पक्की आठवत होती. "शास्त्र माझ्याजवळ नाही," मी म्हणालो, "तुझ्या आत्यास विचार. तिला गाणी येत असतील."

आत्यास बावीस गाणी येत होती. गेल्या श्रावणात त्यांच्या जुन्या घरी नवा नारळ बसला. पुणे, नाशिक, सुरत येथून भाऊबंद आले; मुठी मोजताना तीन नव्या बाळांच्या भरल्या. आम्हा उभयतांस दर्शनाचे आमंत्रण होते. रोट बाहेरच्यास देत नाहीत, म्हणून आम्हास चहा मिळाला.