दुपारी तार, रात्री चकमक

ऑक्टोबर 2019 मध्ये विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातले मतदार विधानसभेसाठी रांगेत उभे राहिले, तेव्हा शिवसेनेचे उमेदवार होते प्रदीप शर्मा. मुंबई पोलिसांतले ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’, शंभरावर चकमकींशी नाव जोडलं गेलेले. बहुजन विकास आघाडीच्या क्षितिज ठाकूरांनी नालासोपारा मतदारसंघात त्यांना सुमारे 43 हजारांनी हरवलं. तरी लाखाहून अधिक मतं शर्मांना पडली. ती सगळी पिस्तुलाला पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पक्ष होता, युती होती, नळाला न येणारं पाणी होतं. पण उमेदवाराची ओळख करून देताना चकमकींचा विषय टाळावा असं कुणाला वाटत नव्हतं, हेही तितकंच खरं.

त्या वेळी शर्मा एका प्रकरणातून निर्दोष सुटलेले होते. 11 नोव्हेंबर 2006 रोजी वाशीतून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला भरदिवसा उचललं गेलं. त्याचा भाऊ वकील. त्याने हातपाय गाळले नाहीत. दुपारीच पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स धाडले, की माझ्या भावाला उचललंय, त्याच्या जिवाला धोका आहे. रात्री आठच्या सुमारास वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ ‘चकमक’ झाली आणि लखनभैया मेला.

चकमकीच्या शेकडो कहाण्यांत ही वेगळी ठरली ती या कागदांमुळे. एरवी कहाणीचा साचा ठरलेला असतो: खबर मिळाली, सापळा लावला, शरण यायला सांगितलं, त्याने गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ उत्तर दिलं. फिर्याद पोलिसांची, साक्षीदार बहुधा पोलीस, आणि खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा मेलेल्या माणसावर. इथे मात्र माणूस मरायच्या आधीच त्याच्या मरणाची भीती कागदावर उतरली होती आणि त्यावर वेळ होती. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप दिली, पण शर्मांना सोडलं. लखनभैयाबरोबर उचलला गेलेला मुख्य साक्षीदार त्याआधीच, 2011 मध्ये, साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला होता. त्याचा मृतदेह मनोर भागात सापडला. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने शर्मांची सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शरण येण्यापासून तूर्त दिलासा दिला.

मार्चचा तो निकाल देणाऱ्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे होत्या. सहा महिन्यांनी त्यांच्याच समोर बदलापूरचं प्रकरण आलं.

बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने ऑगस्ट 2024 मध्ये लोक रुळांवर उतरले होते. त्यातला आरोपी अक्षय शिंदे याला 23 सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागली आणि तो मेला. त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून दुसऱ्याने त्याच्यावर झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. त्या रात्री पेढे वाटले गेले, फटाके फुटले, ‘बदला पुरा’चे फलक लागले. योगायोग असा, की बरोबर दहा वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 2014 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच चकमकींवरच्या याचिकेत 16 निर्देश घालून दिले होते: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, शस्त्रं तपासणीसाठी जमा करा, चकमकीपाठोपाठ बढती आणि शौर्यपदकं वाटू नका. या शेवटच्या सूचनेत बरंच काही आलं.

उच्च न्यायालयाने दोन दिवसांत साधे प्रश्न विचारले. गाडीतल्या चौघा पोलिसांना एक माणूस आवरला कसा नाही? गोळी पायावर का नाही, डोक्यात का? जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल आला. त्यात चालकासह गाडीतल्या पाचही पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते.

चहाच्या टपरीवर या प्रश्नांना उत्तर एकच मिळतं: ‘तो कोण होता, विसरलात का?’ हा राग खोटा नाही. पण गोळी योग्य होती का, या प्रश्नाला तो माणूस वाईट होता हे उत्तर होत नाही. कायदा दोनच वाटा देतो. स्वसंरक्षण, जे रिक्षावाल्याला आणि फौजदाराला सारखंच लागू. आणि फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यातला आरोपी अटकेला जुमानत नसेल तर आवश्यक तेवढं बळ. बदलापूरचा आरोपी आधीच अटकेत होता, म्हणजे वाट एकच उरते, आणि ती त्या गाडीतल्या काही क्षणांवर ठरते. त्याच्या आधीच्या पापांवर नाही. बलात्कार-खुनाच्या आरोपींना मारणाऱ्या हैदराबादच्या 2019 च्या चकमकीवरही पुष्पवृष्टी झाली होती. तिच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. पोलिसांची स्वसंरक्षणाची कहाणी आयोगाने फेटाळली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असं सुचवलं. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल?

फटाक्यांच्या आवाजात आणखी एक गोष्ट बुडाली. मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही. म्हणजे त्या दोन मुलींच्या घरांना मुख्य आरोपीविरुद्ध न्यायालयाचा निकाल कधीच मिळणार नाही. शाळेतलं सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. घटना दडवल्याचा ठपका शाळेच्या विश्वस्तांवर होता. शाळेत कुणाला काय ठाऊक होतं, हे ज्याच्याकडून कदाचित कळलं असतं तो गेला. बदला घेतला म्हणणाऱ्यांनी मुलींच्या बाजूचा एक पुरावा गमावल्याची शक्यता मोजलीच नाही.

आरोपीच्या आईवडिलांना दफनासाठी जागा मिळेना. अखेर विरोध सोसून उल्हासनगरात दफन झालं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितलं, चकमकीबाबतचं हे प्रकरण आम्हाला पुढे चालवायचं नाही. न्यायालयाने प्रकरण तिथे मिटवलं नाही. एप्रिलमध्ये विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे एवढंच बदललं की पथक पोलीस महासंचालकांनी नेमावं.