पोत्यावरचं नाव

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात राहून मी जाहिरातीचं काम करतो. आधी बॅनर आणि ऑटोवरचे भोंगे होते. आता येणारी निम्मी पोरं यूट्यूबवाली असतात. झाडीबोलीत फर्मास व्हिडिओ करतात, दिवाळीनंतरच्या मंडईत लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढतात, पण खिसा कोरडा. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा सुरू व्हायलाच 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचं पाहणं लागतं. त्यानंतरही दर आपल्या हातात नसतो. म्हणून मी त्यांना सांगतो, गावातली वस्तू गोष्टीत घ्या आणि तिचे पैसे थेट दुकानदाराकडून घ्या. याला ना सबस्क्रायबरची अट, ना कुणाची मधली दलाली.

हा मार्ग जुनाच. 1982 च्या ‘ई.टी.’मध्ये परग्रहावरच्या पाहुण्याला भुलवायला ‘रीसेस पीसेस’च्या गोळ्या वापरल्या आणि त्यांचा खप वाढला. आपल्याकडे टीव्हीएफच्या ‘पर्मनंट रूममेट्स’ या वेबमालिकेला 2014 मध्ये घरं शोधून देणाऱ्या ‘कॉमनफ्लोर’ची साथ होती. 2016 च्या ‘ट्रिपलिंग’मध्ये तीन भावंडं टाटा टियागोतून फिरतात. प्रवासाचीच गोष्ट, तेव्हा गाडी कुणाला खुपत नाही.

खुपतं कधी, ते आमच्या भागात चटकन कळतं. एका राईस मिलवाल्याला आपलं 25 किलोचं पोतं व्हिडिओत हवं होतं. पोरांनी प्रसंग लिहिला: शेतकऱ्याची बायको किराणा दुकानातून तेच पोतं विकत घेते, नाव कॅमेऱ्याकडे. मी म्हटलं, अरे, ज्याच्या बांधीत धान उभं आहे त्याच्या घरात विकतचा तांदूळ कशाला येईल? धानाच्या मुलखातला प्रेक्षक तिथंच हसेल. मग प्रसंग मिलमध्येच नेला. नायक धान भरडायला येतो, नंबर लागेपर्यंत बाकावर बसतो, तिथंच त्याला होणारा सासरा भेटतो. कोंड्याची धूळ, पट्ट्याचा आवाज, मागे भिंतीवर मिलचं नाव. संवादात नाव एकदाही नाही, आणि मिल मात्र लक्षात राहते. माझी कसोटी एवढीच: वस्तू काढल्यावर प्रसंग लंगडा पडला, तर ती तिथलीच, नाही पडला, तर तो टांगलेला बोर्ड.

दर याच हिशेबाने ठरवावा. मागे नुसती दिसणारी वस्तू स्वस्त, पात्राने हाताळलेली त्याहून महाग, संवादात आलेली आणखी महाग आणि जिच्यावर गोष्ट फिरते ती सगळ्यात महाग. वहीच्या पानावर का होईना, लिहून घ्या: वस्तू कितीदा दिसणार, अपलोडआधी दुकानदार किती वेळा बदल सुचवणार, आगाऊ किती आणि त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दुकानाला किती महिने घ्यायचं नाही. यातले अपलोडआधीचे बदल महत्त्वाचे. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ कापता येतो, धूसर करता येतो, पण त्याच जागी दुसरा बसवता येत नाही. दुकान बंद पडलं तरी पाटी दिसतच राहते.

पैशाऐवजी मोबाइल मिळाला तर फुकट समजू नका. 1 जुलै 2022 पासून धंद्यातून मिळालेल्या अशा वस्तूंची किंमत वर्षाला 20,000 रुपयांवर गेली, की 10 टक्के टीडीएस लागू शकतो. शूटिंगनंतर परत केली तर नाही. आणि गोंदिया बिडीचं गाव असलं, तरी बिडीच्या बंडलाचे पैसे घेऊ नका. 2003 च्या कायद्याने तंबाखूची आडून केलेली जाहिरातही बंद आहे.

राहिलं पैसे घेतल्याचं सांगणं. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांनुसार दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत जिथं मालाची भलामण आहे, तो सगळा भाग संपेपर्यंत ‘जाहिरात’ ही खूण पडद्यावर हवी. यूट्यूबवर अपलोड करताना ‘पेड प्रमोशन’चा चौकोन असतो, त्यावरही टिक करायची. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्याच वेळी 10 लाखांपर्यंत दंड आहे. पोरं म्हणतात, सांगितलं तर मजा जाईल. मला उलट वाटतं. मुंबई-पुण्याच्या चॅनलला आपला प्रेक्षक दिसत नाही. आमचा उद्या सकाळी कुडवा नाक्यावर चहा पिताना भेटतो आणि ‘मिलवाल्यानं किती देल्लन?’ असं तोंडावर विचारतो. त्याला न अडखळता उत्तर देता येईल, एवढाच सौदा करावा.