हद्दीबाहेरची रोगी

ज्या कारकुनाने त्या वृद्ध वारली स्त्रीचे नाव यादीत घेण्यास नकार दिला, त्याच्याविषयी माझ्या मनात आता रोष उरलेला नाही. परंतु त्या नकाराचा जो परिणाम पुढे मी पाहिला, तो आजही मनात सलत राहतो.

दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलला एका संस्थेचे नेत्रशिबिर होते आणि मी तेथे स्वयंसेवक होतो. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्यांनी गावोगाव शिबिरे भरवून अगणित लोकांना दृष्टी दिली, तो काळ गेला. जंतुसंसर्गाच्या भयाने आता तपासणी गावात होते व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शहरातील रुग्णालयात.

म्हातारी दुधनीकडे लेकीच्या घरी राहत होती. दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू इतके पिकले होते की, बाहुल्यांतील पांढरेपणा दुरूनही दिसे. मुंबईहून आलेल्या, कसलेही मानधन न घेणाऱ्या डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रियेची शिफारस केली. पण शिधापत्रिका निघाली सरहद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या जव्हार तालुक्यातली, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेमागे सरकारी अनुदान मिळत असल्यामुळे इलाख्याबाहेरचा रोगी यादीत घेता येणार नाही, असा हुकूम कारकुनाने मला काढून दाखविला. लेक गयावया करीत होती. मी वाद घातला, डॉक्टरांनीही शब्द टाकला. परंतु "आजी, तुम्ही जव्हारला जा," एवढेच उत्तर मिळाले, आणि जिच्यात जागा रिकाम्या होत्या ती गाडी तिला मागे ठेवून सिल्वासाकडे निघून गेली. ज्या शस्त्रक्रियेस निष्णात हाताला पाऊण घटकाही लागत नाही, ती एका कागदासाठी राहिली.

पुढील वर्षी, लेकीने स्थानिक दाखला मिळविल्यावर, म्हातारी पुन्हा आली. मधल्या काळात उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू फुगून काचबिंदू झाला होता; वाढलेल्या दाबाने नस मेली होती, आणि विजेरीचा प्रकाशही त्या डोळ्यास कळत नव्हता. डाव्या डोळ्यात भिंग बसले. पट्टी सुटल्यावर तिने नातवाला ओळखले आणि भेटेल त्याला, त्या कारकुनालासुद्धा, आशीर्वाद दिला. एका डोळ्यावर ती तृप्त होती, आणि तिची ती तृप्ती मला सहन झाली नाही.

नियम निराधार होता असे मात्र मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात, फेरतपासणी करावी लागते, चष्मा द्यावा लागतो. रोगी दूर राहिला तर हे पाहणार कोण? अशा बंदोबस्ताचा आग्रह मीही धरीत आलो आहे. परंतु ही सरहद्द 1783 मध्ये मराठ्यांनी नगर हवेली पोर्तुगिजांच्या हवाली केल्याने पडलेली आहे. 1954 मध्ये पोर्तुगीज अंमल गेला तरी ती सुटली नाही, आणि वारल्यांच्या सोयरिकी तर तिच्या दोन्ही बाजूंस आहेत. लेक जेथे नांदते तेथेच आई डोळे दाखविणार!

शिबिरे भरविणाऱ्या सर्वांस माझी कळकळीची विनंती आहे. हद्दीबाहेरचा रोगी आल्यास त्याचे व जवळच्या नातलगाचे नाव-गाव लिहून घ्यावे, नुसते "जव्हारला जा" न सांगता सोबत माणूस द्यावा, आणि मोतीबिंदू अतिपक्व असेल तर त्याच दिवशी त्याला गाडीत बसवावे. अनुदानाचा हिशेब संस्थेने मागाहून पाहावा.