बॅटरी कोण पितंय?

शनिवार मोकळा आहे, पण मॉल नको, मल्टिप्लेक्स नको आणि त्याच कॅफेतली तीच कॉफी तर अजिबात नको? मग सॅकमध्ये गाडीचा एखादा निनावी पार्ट टाका आणि चर्नी रोडला उतरा. ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, मटन स्ट्रीट आणि शेवटी कुर्ला. मुंबईची ही टूर कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही. गाइडही फुकट मिळतो. फक्त त्याला प्रश्न नीट विचारता आला पाहिजे.

माझा प्रश्न होता मामाच्या १९८५ च्या प्रीमिअर पद्मिनीबद्दल. गाडी फक्त रविवारी निघते, आणि वर्षभरापासून दर रविवारी बॅटरी झोपलेली. बॅटरी नवी, अल्टरनेटर ठणठणीत. मग सोमवार ते शनिवार ती पितंय कोण? त्यात फिटनेसची तारीख जवळ आलेली. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि फिटनेसला लाइट, इंडिकेटर सगळं चालू लागतं. आमचा मागचा उजवा इंडिकेटर तर मनात आलं तरच पेटायचा. मामाने जाहीर केलं होतं, ‘‘या वेळी नापास झाली, तर भंगारात देऊन टाकतो. बास!’’ ज्या गाडीतून मी पहिल्यांदा समुद्र बघायला गेले, तिच्याबद्दल हे ऐकणं जड होतं.

एक क्लू मात्र होता. सकाळी बॉनेट उघडलं, की सगळं गार असायचं आणि डाव्या बाजूची पत्र्याची एक डबी हाताला कोमट लागायची. काड्यापेटीएवढी डबी. नाव नाही, नंबर झिजलेले, पिना चार आणि वायरी तीनच. मामाला आठवेना, मेकॅनिकला सांगता येईना. शुक्रवारी रात्री बॅटरीची तार सोडवून डबी काढली. प्रत्येक वायरला आणि तिच्या पिनेला चिकटपट्टी लावून त्यावर क, ख, ग लिहिलं. रिकाम्या पिनेला घ. हा फंडा लक्षात ठेवा. जुन्या गाडीत वायरच्या रंगावर भरवसा ठेवायचा नसतो, कारण ४० वर्षांत ज्या इलेक्ट्रिशियनकडे जो रंग शिल्लक होता, तो त्याने लावलेला असतो.

पहिला स्टॉप ऑपेरा हाउस. २०१६ मध्ये नव्या झळाळीने उघडलेलं रॉयल ऑपेरा हाउस सगळे फोटोत पकडतात, पण आजूबाजूच्या रस्त्यांवरची स्पेअर पार्ट्सची दुकानं कुणी बघत नाही. काउंटरवर गेलात की ‘‘कुठली गाडी, कुठलं साल?’’ नंबर किंवा नाव सांगा, वस्तू समोर. चिनी मातीचे टोकदार फ्यूज मागितले, तर काका रंगानेच ओळखतात : पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. ‘‘फ्यूज शाबूत दिसतो आणि तरी लाइट लागत नाही ना? क्लिपमध्येच थोडा फिरवून बघा. टोकावर गंज धरतो,’’ हा सल्ला फ्रीमध्ये. माझी डबी मात्र त्यांनी दोनदा उलटीपालटी करून परत दिली. ‘‘हे गाडीबरोबर आलेलं नाही. मागून कुणीतरी बसवलंय. मटन स्ट्रीटला जा.’’

वाटेत लॅमिंग्टन रोड. कॉम्प्युटरवाल्यांची पंढरी. इथं एक साधा मल्टिमीटर घेतला. आपल्या एका पिझ्झाच्या बिलात येतो.

तिथून पूर्वेला चालत राहिलं, की पंधरा-वीस मिनिटांत चोर बाजार. ग्रामोफोन, जुनी पोस्टर्स, झुंबरं यांच्यासाठी पर्यटक येतात. गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानांत ते फारसे शिरत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. एका दुकानात चाचांसमोर पातेलंभर निनावी डब्या होत्या. मी विचारलं, ‘‘चाचा, यातलं काय कशाचं, कळतं कसं?’’ त्यांनी दोन सारखे दिसणारे कटआउट उचलले. डायनामोच्या जमान्यात बॅटरीला किती चार्ज द्यायचा हे ही डबी ठरवायची. एकावर इंग्रजी अक्षरं कोरलेली : डी, एफ, ए, ई. ‘‘ये अंग्रेज खानदान, लूकसवाला.’’ दुसऱ्यावर आकडे : ५१, ६७, ३०. ‘‘ये फियाट.’’ झाली ओळख! जुन्या खोक्यावर ‘मायको’ छापलेलं असेल, तर तेही वय सांगतं, कारण २००८ मध्ये त्या कंपनीचं नाव बदलून बॉश झालं.

मग माझी डबी. अक्षर नाही, आकडा नाही. चाचांनी माझाच मल्टिमीटर मागितला आणि चार पिनांच्या जोड्या एकेक करून तपासल्या. क आणि ख मध्ये ८० ओहम. ग आणि घ मध्ये काहीच नाही. क-ख ला १२ व्होल्ट दिले, डबी ‘टक’ असं बोलली आणि ग-घ जोडले गेले. ‘‘रिले है, बेटा. छोटा करंट बड़े करंट का दरवाज़ा खोलता है.’’ चौथी, म्हणजे घ पिन रिकामी, याचा अर्थ दरवाज्यापलीकडे आता कुणी राहतच नाही. पण पहारेकरी मात्र ड्यूटीवर.

हिशेब तिथेच कागदावर मांडला. १२ भागिले ८०, म्हणजे ०.१५ अँपिअर. किरकोळ वाटतं ना? गुणिले २४ तास, गुणिले ६ दिवस, म्हणजे जवळपास २२ अँपिअर-अवर. साधारण ४० च्या बॅटरीतली निम्म्याहून जास्त. रविवारी सेल्फ मारल्यावर फक्त ‘कट’ असा आवाज येणार, दुसरं काय!

पैसे विचारले तर चाचांनी हात हलवला. पद्मिनीवाले आता येतात कुठे, म्हणाले. त्यांचं खरं गिऱ्हाईक होतं काळी-पिवळी. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि शहराची टॅक्सी म्हणून रोज धावली, रोज बिघडली, रोज दुरुस्त झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या पार्ट्सवर आणि त्यांच्या कारागिरांवर आमच्यासारख्या हौशी गाड्या जगत होत्या. पार्ट एक वेळ कुणी नवा बनवून देईल. ‘टक’ ऐकून नाव सांगणारा माणूस ऑनलाइन ऑर्डर करता येत नाही.

सँडहर्स्ट रोडहून लोकल पकडून कुर्ला. पश्चिमेला जिथे आज कोहिनूर सिटीच्या काचेच्या इमारतींत तुमच्यातले कित्येक जण कार्ड स्वाइप करतात, तिथेच प्रीमिअरचा कारखाना होता. मामाची गाडी तिथेच तयार झाली आणि आता रेल्वेच्या दुसऱ्या बाजूला, नेहरूनगरात उभी आहे.

संध्याकाळी आधी खात्री केली. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून मध्ये मल्टिमीटर, अँपिअरवर. (या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल.) डबी लावली, ०.१५. डबी काढली, शून्य. ख वायर तर अर्थला जात होती. क च्या मागे-मागे गेलो, तर डॅशबोर्डखाली तुटलेल्या स्विचच्या दोन वायरी कुणीतरी सरळ पिळून जोडलेल्या. मामाने कपाळावर हात मारला. ‘‘अगं, फॉग लॅम्प! ९६ साली गोव्याला जाताना आंबोली घाटासाठी लावले होते!’’ लॅम्प पुढे सोसायटीतूनच चोरीला गेले. रिले मात्र गेलं वर्षभर त्यांच्यासाठी जागा होता.

इंडिकेटरची केस त्याहून सोपी निघाली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद आणि पार्किंग लाइट उगाच मिणमिणता. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, अर्थ बघा. परतीची वाट गंजाने बंद झाली, की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबून दिव्याच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर साडेचार व्होल्ट, जिथे ०.२ च्या आत हवेत. पॉलिश पेपरने गंज घासला, नवी थिंबल बसवली. इंडिकेटर टकाटक!

गाडी फिटनेसला पास झाली. पुढची ५ वर्षं ‘भंगार’ हा शब्द घरात बंद.

तुम्हालाही जायचंय? मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तो दिवस टाळा. पार्टचा फोटो नको, पार्टच न्या, आणि काढताना वायरींवर लेबल लावा. चाचांनी चहा विचारला तर नाही म्हणू नका. आणि हो, जरा लवकरच जा. भेंडी बाजारात टॉवर भराभर चढताहेत, आणि चाचांच्या पातेल्यातल्या निम्म्या डब्यांची नावं अजून फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.