मुरबाडच्या वाटेवरची रानभाजी

मैत्रिणींनो, माळशेज घाटातले धबधबे पाहायला तुम्ही मुलाबाळांना घेऊन गेला असाल. कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि मग घाट! यंदा त्या वाटेने निघाल तेव्हा एक रिकामी पिशवी बरोबर असू द्या, बरं का. पावसाळा लागला की मुरबाडच्या बाजारात आणि रस्त्याच्या कडेला ठाकर-कातकरी बायका हिरवे वाटे मांडून बसतात. मंडईत वर्षभर मिळते ती ही भाजी नव्हे. हिला नांगर नाही, खत नाही आणि पाणी ढगाचं.

प्रत्येक भाजीचा मोसम ठरलेला. मृगाच्या आगेमागे येतात शेवळं. ती खाजरी, म्हणून त्यांच्या शेजारी काकडाची आंबट हिरवी फळं ठेवलेली असतात. ती घेतल्याशिवाय शेवळं घेऊच नका. शेवळं विकणारी बाई तुम्हांला आपणहून सांगेल, "ताई, काकड घ्या, नाहीतर घसा धरंल." मग टाकळा, कुर्डू, फोडशी. टाकळा कोवळा असतानाच घ्यावा आणि कांदा, ओलं खोबरं घालून परतावा. फोडशी दिसते गवतासारखी. तिच्या बुडाचा पांढरा जून भाग काढून टाकायचा, पाती बारीक चिरायची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालायची. भारंगीची पानं कडू. ती उकडून, पिळून घेतली की वालाबरोबर छान लागतात.

घोळ मात्र रानापर्यंत जायलाही लावत नाही. मळ्यात, परसात, अगदी तुमच्या कुंडीतही ती आपली आपण उगवते आणि आपण तण म्हणून उपटून फेकतो! जाड, गुळगुळीत पानं, लालसर मांसल देठ. पण तिच्यासारखीच जमिनीलगत पसरणारी दुधी असते, ती खायची नाही. देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. तरीही मनात शंका असली तर जाणतीला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका.

घोळीला माती फार, म्हणून तीन-चार पाण्यांतून काढा. जाड देठ खुडून बाकीची चिरा. तेलात मोहरी, हिंग, भरपूर लसूण आणि हिरव्या मिरच्यांची फोडणी करून अर्धी वाटी भिजवलेली मुगाची डाळ परता. डाळ अर्धवट शिजली की भाजी घाला. पाणी घालू नका, तिचं तिला पुरतं. मीठही शेवटी, कारण भाजी आळून मूठभर होते. चव आंबूस असल्यामुळे कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ती करू नये. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्यांना वाढू नका. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं.

आता थोडं मनातलं. ऋषिपंचमीला आपण बैलाच्या कष्टाचं खात नाही, तेव्हा तेवढ्यापुरती बिनकष्टाची भाजी शोधतो. एरवी या वाट्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर त्या बायकांच्या सुना-लेकी कशाला रान तुडवतील? आणि त्यांनी सोडलं की कुठली भाजी कशानं उतरते, कुठलं पान कधी खुडायचं, हे सांगणारं कोण उरेल? बांधावर तणनाशक फवारलं की तणाबरोबर कुर्डू आणि घोळही जाते. फोडशीचं तर आणखीच. तिच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच आपली बोरिवली आहे. तिचेच कंद सफेद मुसळी म्हणून औषधासाठी खणून नेतात. पान खुडलं तर पुढच्या पावसात ती पुन्हा येते, कंदच काढला तर कुठून यायची?

म्हणून एक करा. वाटा घेताना घासाघीस करू नका. ही कशी करायची, असं त्या बाईलाच विचारा आणि ती सांगेल ते घरी येऊन वहीत टिपून ठेवा. लेकीला बरोबर न्या, तिलाही एक तरी भाजी ओळखू द्या. उद्या सासरच्या अंगणात घोळ उगवली, तर निदान ती उपटून फेकणार नाही.